विमानं किती, हा प्रश्नच चुकतो: जुन्या ताफ्याचा हिशेब मांडताना या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२५ ला हवाईदलाने चंडीगडच्या तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. १९६३ पासूनची सेवा. ज्या विमानाचे सांगाडे नाशिकजवळ ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात घडले, त्याच्यासाठी तिकडच्या जुन्या कामगारांचे डोळे पाणावले असतील तर नवल नाही. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आकडा फिरू लागला: लढाऊ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) हव्यात ४२, उरल्या २९. आकडा खरा आहे. पण त्यावरून लोक ‘विमानं किती उरली’ एवढंच बोलत राहतात, ते ऐकून माझ्यासारख्याला, ज्याची वीसएक वर्षं विमानाखाली पाठीवर पडून गेली, जरा हसू येतं.

नग मोजू नका

तळावर किती विमानं उभी आहेत याला फारसा अर्थ नाही. सकाळी त्यातली किती उडतील, ते विचारा. २०१५ च्या कॅगच्या अहवालात सुखोई-३० ची उपलब्धता ५५ ते ६० टक्के दिली होती, निकष होता ७५ चा. १८ विमानांची स्क्वाड्रन धरली, तर हाताशी दहा-अकराच. गोव्यातून उडणाऱ्या नौदलाच्या मिग-२९ के चं तर विचारूच नका. २०१६ च्या अहवालात त्यांची उपलब्धता १६ ते ३८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि ती विमानं म्हातारी नव्हती, नवी होती! तेव्हा ‘जुनं म्हणून बिघडतं’ हेही पूर्ण खरं नाही.

‘त्या विमानाचा काढून याला लावा’

ही सगळ्यात महागडी चूक, आणि कागदावर ती दिसतच नाही.

संध्याकाळी चारला एका विमानाचा हायड्रॉलिक पंप गळायला लागतो. स्टोअरमध्ये पंप नाही. एओजी मागणी (विमान जमिनीवर अडकलंय, भाग तातडीने पाठवा) गेलेली आहे, पण सॉर्टी, म्हणजे उड्डाण, उद्या सकाळी आहे. हँगरच्या कोपऱ्यात एक विमान इंजिनाची वाट बघत बसलंय. त्याचा काढा! सांगणाऱ्याला ते एका वाक्याचं काम वाटतं. करणाऱ्याला ते चार वेळा करावं लागतं: खराब पंप काढा, कोपऱ्यातल्या विमानाचा चांगला पंप काढा, तो इकडे बसवा, आणि महिन्याभराने नवा आला की तो तिकडे बसवा. स्टोअरमध्ये पंप असता तर निम्म्यात भागलं असतं. दर वेळी पाइपांची तोंडं उघडली की लगेच टोप्या लावायच्या, नवी सील, नवी लॉकवायर (बोटं सोलून निघतात ती हिच्यामुळेच), मग ग्राउंड रन, गळतीची तपासणी. दोन विमानांच्या दोन एफ-७०० मध्ये (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत) नोंदी करायच्या त्या वेगळ्याच. पंपाचे किती तास झालेत हे त्याच्याबरोबर कागदावर गेलं नाही, तर पुढे त्याचं आयुष्य कोण मोजणार? शिवाय पॅनेलचे स्क्रू वारंवार उघडले की त्यांची डोकी गुळगुळीत होतात आणि मग एकेक ड्रिलने काढत बसावं लागतं. अंधारात, टॉर्च दातात धरून.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २००१ मध्ये मोजदाद केली, तेव्हा तिथल्या नौदल आणि हवाईदलाने मिळून पाच वर्षांत साडेआठ लाख वेळा अशी काढाकाढी केल्याचं दिसलं. त्यापायी जादा काम झालं ५३ लाख तासांचं, म्हणजे दर खेपेला सहा तासांहून अधिक.

उपाय काय? कोपऱ्यातल्या विमानाला तारीख ठरवून द्या. अमुक दिवसांत ते उडालंच पाहिजे. नाहीतर त्याची ‘हँगर क्वीन’ होते आणि एक दिवस आत नुसत्या तारा लोंबकळत राहतात. आणि प्रत्येक काढाकाढीचे तास वेगळे लिहा, म्हणजे सुट्या भागांच्या मागणीत ते दाखवता येतात.

विमान घेताना त्याचा संसारही घ्या

राफेलच्या २०१६ च्या करारात निदान ही अक्कल होती. काही वर्षं ७५ टक्के ताफा उडता ठेवण्याची जबाबदारी विकणाऱ्याच्या गळ्यात घातली. उलट जग्वारचं बघा. १९७९ पासून ते आपल्याकडे आहे आणि बाकी सगळ्या देशांनी ते कधीच निवृत्त केलं. मग सुट्या भागांसाठी फ्रान्स आणि ओमानकडून त्यांचे जुने सांगाडे आणावे लागले.

खरेदी लांबली की बोजा कुठे जातो? १२६ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये गुंडाळली. तेजस मार्क-१ए ची ८३ विमानं २०२१ मध्ये मागवली, त्यासाठीचं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं. मधल्या वर्षांत जुन्यांचं आयुष्य वाढवतात. फाइलवर ती एका ओळीची मंजुरी. हँगरमध्ये मात्र प्रत्येक वाढीव वर्षाबरोबर भेगांच्या तपासण्या वाढतात आणि माणसं तेवढीच राहतात.

माणूस स्टोअरमधून निघत नाही

एअरमनची, म्हणजे हवाईदलाच्या जवानाची, पहिली नेमणूक २० वर्षांची असायची. २०२२ पासून अग्निवीर ४ वर्षांसाठी येतो, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात. माझं मत विचाराल तर आवाजावरून बेअरिंगचा स्नॅग, म्हणजे बिघाड, ओळखायला चार वर्षं पुरत नाहीत. मला सहा लागली, आणि मी काही अगदीच मठ्ठ नव्हतो. आता ओझरला तेजसची नवी लाइन सुरू झालीय. तिथून निघणारी विमानं सांभाळणारे हातही आजच घडवायला घ्यावे लागतील.

आणि थकव्याला ‘निष्काळजीपणा’ म्हणू नका. एका रात्री अकराला आमच्या शॅडो बोर्डवर (प्रत्येक हत्याराची जागा आखलेल्या फळीवर) १० नंबरच्या स्पॅनरची जागा रिकामी दिसली. एक हत्यार कमी म्हणजे विमान उडणार नाही. घरी कुणी गेलं नाही, पॅनेलं पुन्हा उघडली, आरसा घालून कोपरान् कोपरा बघितला. पहाटे तीनला स्पॅनर सापडला तो एका कॉर्पोरलच्या स्वतःच्याच ओव्हरऑलच्या मागच्या खिशात. त्याची ती सलग तिसरी रात्र होती. आमच्या वॉरंट ऑफिसरसाहेबांनी त्याला काही म्हटलं नाही. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, त्याच्यासमोर ड्यूटी रोस्टर उघडलं आणि पुढच्या दोन रात्रींवरून त्याचं नाव खोडलं.