शिऱ्याच्या साखरेतून अपूर्णांक: मुलांना स्वयंपाकघरात कसं शिकवायचं

चौथीतल्या मुलाला विचारून बघा, 1/4 मोठा की 1/3? बरीच मुलं पटकन 1/4 म्हणतात कारण चार तीनपेक्षा मोठा ना, आणि मग वहीत कितीही गोल काढून रंगवले तरी ते डोक्यातून जाता जात नाही. म्हणून आधी वही बाजूला ठेवा आणि मेजरिंग कपचा सेट काढा, 1, 1/2, 1/3, 1/4 वाला. परातीत तांदूळ घ्या (सांडले तरी भरता येतात) आणि मोठा कप मुलालाच भरू द्या. 1/4 ने चारदा, 1/3 ने तीनदाच. छेद मोठा तर तुकडा लहान, हे त्याच्या तोंडून यायला हवं, आपण सांगायची घाई अजिबात करायची नाही.

आणि "अर्धं, पण कशाचं अर्धं?" हे दरवेळी विचारा. आमटीची अर्धी वाटी आणि चटणीची अर्धी वाटी शेजारी ठेवली की मुलांना लगेच कळतं.

आता खरी मजा शिऱ्यात. साधं माप घेऊ: 1 कप रवा, पाऊण कप साखर, अर्धा कप तूप, अडीच कप पाणी. मुलाला सांगा आज दोघंच आहोत, सगळं निम्मं कर. रवा अर्धा कप, तूप पाव, पाणी सव्वा, इथपर्यंत पोरं धडाधड सांगतात आणि मग साखरेपाशी अडतात, कारण पाऊणचं निम्मं असा कपच सेटमध्ये नाही! थांबू द्या थोडा वेळ. मग सेटमधला 15 मिलीचा मोठा चमचा द्या, कप 240 मिलीचा असेल तर त्यात असे 16 चमचे बसतात, ते त्याला मोजू दे (चमचा सपाट भरायचा, शीग नको, सुरीच्या पाठीने वरचं काढून टाकायचं). पाऊण कप म्हणजे 12 चमचे, निम्मे 6. म्हणजे 16 पैकी 6, म्हणजेच 3/8. आता वही काढा आणि 6/16 = 3/8 लिहून घ्या, सममूल्य अपूर्णांक हातात साखर धरून झालेत त्यामुळे ते लिहिणं आता सोपं जातं. पाहुणे येणार असतील तर उलटं, दीडपट करायला लावा: साखर 18 चमचे, म्हणजे 1 कप आणि वर 2 चमचे. भाजणं आणि उकळतं पाणी ओतणं मात्र मोठ्यांनीच करायचं.

गुणाकारासाठी नारळाची वडी चौकोनी ट्रेमध्ये थापा, गोल ताटात कडेचे तुकडे सारखे येत नाहीत. उभे 3 सारखे भाग, मग आडवा मधोमध एक काप. एका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हा 1/3 चा अर्धा, मग अख्ख्या ट्रेचा कितवा? मोजले की 6 दिसतात.

पाचवी-सहावीवाल्यांना इडलीचं माप द्या, 3 वाट्या तांदूळ आणि 1 वाटी उडीद डाळ. डाळ एकूण धान्याच्या किती? 1/3 असं उत्तर हमखास येतं. चूक म्हणू नका, चारही वाट्या ओळीने मांडा आणि सगळ्या मिळून किती ते मोजायला सांगा, 1/4 तो स्वतःच म्हणेल, मग डाळ-तांदूळ वेगवेगळे भिजत घाला.