लेदर की टेक्स्टाईल: मोटारसायकलचे जॅकेट कसे निवडावे

जॅकेट पाहायला जाण्यापूर्वी, आपण वर्षातले किती महिने उन्हात, किती पावसात आणि किती थंडीत गाडी चालवतो, हे लिहून काढावे. वर्षातून एकदा होणाऱ्या लांबच्या सफरीसाठी घेतलेले जड जॅकेट रोजच्या प्रवासात घरीच राहते, आणि खुंटीवरचे जॅकेट कोणालाही वाचवत नाही.

त्यानंतर आतले लेबल वाचावे. मोटारसायकलस्वारांच्या संरक्षक कपड्यांसाठीच्या २०२० च्या ईएन १७०९२ या युरोपीय मानकात एएए ही सर्वांत वरची श्रेणी असून तिच्याखाली एए आणि ए येतात. बी श्रेणीत घर्षणापासून ए इतकेच संरक्षण असते, पण आघात झेलणारे पॅड बंधनकारक नसतात. येथे अनेकांची फसगत होते: ‘सीई’ ही युरोपीय नियमांची पूर्तता दाखवणारी खूण पुष्कळदा केवळ पॅडवर असते, जॅकेटवर नसते. म्हणून श्रेणी जॅकेटच्याच लेबलावर शोधावी.

आता मूळ प्रश्न. रस्त्यावर घसरताना घर्षणाने प्रचंड उष्णता निर्माण होते. नायलॉन आणि पॉलिस्टर त्या उष्णतेने वितळू शकतात, चामडे वितळत नाही. साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाडीचे चांगले गाईचे चामडे म्हणूनच आजही विश्वासाचे मानले जाते. मात्र ते जड असते, उन्हात तापते आणि पावसात पाणी पिते. टेक्स्टाईल, म्हणजे नायलॉन-पॉलिस्टरसारखे कापड, हलके, हवेशीर आणि पावसाला सोयीचे असते. पण कापडावरचा डेनियरचा आकडा धाग्याची जाडी सांगतो, जॅकेटची सुरक्षितता नव्हे. एए श्रेणीचे टेक्स्टाईल श्रेणी नसलेल्या चामड्यापेक्षा मी निःशंकपणे निवडीन.

शिवण तपासण्यात घाई करू नये, कारण पडल्यावर कापडाआधी बहुधा शिवणच उसवते. खांद्यावरची शिवण दोन्ही अंगठ्यांनी बाजूंना ताणावी. टाके उघडे पडून फट दिसू लागली, तर ते जॅकेट बाजूला ठेवावे. खांदा आणि कोपर येथे दुहेरी किंवा तिहेरी शिवण असावी.

मग जॅकेट घालून, शक्य असल्यास गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवावेत. बाही मनगटावरून वर सरकू नये आणि पाठ उघडी पडू नये. कोपरावरचा पॅड हाताने धरून फिरवावा. तो कोपरावरून बाजूला सरकत असेल, तर अपघाताच्या क्षणीही सरकेल. चामडे वापराने थोडे सैल होते, म्हणून ते सुरुवातीला अंगाबरोबर असावे. टेक्स्टाईलमध्ये आतल्या उबदार अस्तरापुरती जागा हवी. पाठीच्या खिशात अनेकदा फक्त फोमचा तुकडा असतो. त्याऐवजी ईएन १६२१-२ या पाठीच्या पॅडसाठीच्या मानकानुसार प्रमाणित पॅड बसवावा.

पावसात चालवणाऱ्यांनी जलरोधक पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला आहे की आत सुटा आहे, हे विचारावे. सुट्या पडद्याच्या जॅकेटचे बाहेरचे कापड भिजून जड होते. भिजलेले चामडे सावलीत वाळवावे आणि नंतर त्याला कंडिशनर लावावे; टेक्स्टाईल पॅड काढून, लेबलावरील सूचनेनुसार धुवावे.