इंग्रजी जमीन-कायद्यातले फ्रेंच शब्द : सुरुवात कुठून करावी

कायद्याचा इतिहास नव्याने शिकणाऱ्यांना माझा एकच आग्रह असतो : ‘सीझिन’ (जमिनीचा कायद्याने मानलेला ताबा), ‘फी टेल’ (फक्त वंशजांकडेच जाणारी जमीन), ‘एस्चीट’ (वारस नसल्यास जमीन वरच्या मालकाकडे परत जाणं) अशी यादी पाठ करू नका. त्या शब्दावरून कोण कोणाशी भांडत होतं, ते आधी शोधा.

1066 नंतर इंग्लंडमधल्या जमिनी नॉर्मन सरदारांकडे गेल्या आणि पुढे कोर्टातही फ्रेंच रुळली. 1362 च्या कायद्याने कामकाज इंग्रजीत चालवायला सांगितलं, तरी वकिलांच्या लिखाणात ‘लॉ फ्रेंच’ कितीतरी काळ टिकली.

मी ‘सीझिन’पासून सुरुवात केली, तुम्हीही तिथूनच करा. सगळी जमीन शेवटी राजाची, बाकीचे कोणाच्या तरी हाताखाली ती धारण करणारे. त्यामुळे वाद ‘सीझिन कोणाकडे’ असा असायचा. ती देताना जमिनीवर उभं राहून मातीचं ढेकूळ हातात ठेवत. एवढं पक्कं झालं की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते ‘मॉर्गेज’ने, म्हणजे गहाणाने. फ्रेंचमध्ये ‘मोर’ म्हणजे मेलेलं, ‘गेज’ म्हणजे तारण. इंग्रजी कायद्यावरचा बाराव्या शतकातला ग्लॅनव्हिलच्या नावाचा ग्रंथ सांगतो की जमिनीचं उत्पन्न सावकार खाई आणि तरीही कर्ज तसंच राही, म्हणून ते तारण मेलेलं. उत्पन्नातून कर्ज फिटत गेलं तर तारण जिवंत, ‘व्हिफ गेज’. पंधराव्या शतकात इंग्रज न्यायाधीश लिटलटन वेगळंच कारण देतो : पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर सावकाराला. दोन्ही स्पष्टीकरणं शेजारी ठेवून वाचा. मधल्या काळात व्यवहारच बदलला होता, हे लगेच दिसतं.

आता आपला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उघडा. कलम 58 मधल्या ताबेगहाणात, म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात देऊन केलेल्या गहाणात, उत्पन्न व्याजापोटी वळतं करता येतं, मुद्दलापोटी किंवा दोन्हींपोटीही. ग्लॅनव्हिलचा जुना भेद इथे समोर येतो. मला हे कळलं तेव्हा कलम पाठ करायची गरजच उरली नाही.

‘प्रॉफिट आ प्राँद्र’, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून माती, गवत, लाकूड नेण्याचा हक्क, हा इंग्लंडमध्ये सुविधाधिकाराहून (दुसऱ्याच्या जमिनीवरून ये-जा करण्यासारख्या हक्काहून) वेगळा. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 4 ने मात्र, असा हक्क स्वतःच्या जमिनीच्या उपभोगासाठी असेल तर, तो सुविधाधिकारातच घेतला. परीक्षेत हा फरक जरूर लिहा.

मूळ मजकूर वाचायचा असेल तर न्यायाधीश एडवर्ड कोकने 1628 मध्ये आपल्या टीकेसह काढलेला लिटलटनचा ग्रंथ घ्या. त्यात फ्रेंच आणि इंग्रजी शेजारी-शेजारी आहेत. मॉर्गेजचा उलगडा परिच्छेद 332 मध्ये सापडेल.