छोट्या गावात प्लॉट घेताय? आधी झोन (जमिनीचा वापर कशासाठी ठरलाय तो विभाग) बघा, मग इसार द्या

नगरपंचायत किंवा छोटी नगरपरिषद असलेल्या गावात प्लॉट घ्यायचा म्हटलं की सगळे पहिला सातबारा काढतात, मालकाचं नाव बरोबर आहे, बँकेचा बोजा नाही, इतर हक्कात कुणी बहीण-चुलती राहिलेली नाही, झालं, चला इसार देऊन टाकू. पण सातबारा जमीन कुणाची तेवढंच सांगतो हो, त्या जमिनीवर घर बांधता येईल का, खाली दोन गाळे काढता येतील का, की उद्या तिथनं रस्ता जाणार आहे, हे त्यात कुठं लिहिलेलं नसतं. ते असतं विकास आराखड्यात, लोक ज्याला डीपी म्हणतात. आणि डीपी न बघता दिलेले पैसे परत मिळवायला जो त्रास होतो तो ज्यांना झालाय त्यांना विचारा.

पहिलं काम, जमीन कुणाच्या हद्दीत आहे ते पक्कं करा. गावाच्या कडेला फार घोळ असतो, रस्त्याच्या अलीकडचा गट नगरपंचायतीत आणि पलीकडचा शेजारच्या ग्रामपंचायतीत. हद्दीच्या आत असेल आणि डीपी मंजूर असेल तर बांधकाम परवानगी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने निघते. बाहेर असेल तर प्रादेशिक योजना, म्हणजे जिल्ह्यासारख्या मोठ्या भागाचा आराखडा, बघायची आणि मग जिल्हाधिकारी-तहसील आणि नगररचनाचं ऑफिस अशी वारी करावी लागते. दोन्हीकडे मूळ कायदा एकच, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, फक्त दारं वेगळी. बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालीये पण स्वतःचा डीपी अजून व्हायचाय, तिथं "अजून डीपीच नाही, काहीही बांधा" असं छातीठोक सांगणारे भेटतात, ते साफ चूक आहे, प्रादेशिक योजनेतला झोन असतोच.

आता अर्ज. दोन कागद मागायचे, झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे डीपीतला आपल्या गटापुरता तुकडा. नुसता झोन दाखला घेऊन थांबू नका. दाखल्यावर एका ओळीत "सदर गट रहिवास विभागात समाविष्ट आहे" एवढंच येतं आणि माणूस खूष होतो, पण गटाचा कोपरा रस्त्यात जातोय का हे नकाशावरच दिसतं. अर्जाला चालू सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा, फी भरा आणि आवक नंबर टाकलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हे दोन्ही कागद लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात, म्हणजे मुदतीत देणं बंधनकारक आहे आणि नाही दिले तर अपील करता येतं. पोच नसेल तर अपील कशावर करणार!

भाग नकाशा हातात आला की आधी कोपऱ्यातली रंगांची सूची बघा. साधारण पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती, जांभळा म्हणजे औद्योगिक. आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा, असेल तर त्या जागेवर नंबर टाकलेला असतो आणि तो नंबर कशाचा, बागेचा की शाळेचा की भाजी मार्केटचा, ते यादीत सापडतं. मग रस्ते. समजा प्लॉट ९ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे, म्हणजे १०८ चौरस मीटर. पुढचा रस्ता आज जागेवर ६ मीटरचा आहे आणि डीपीत तो १२ मीटर दाखवलाय. दोन्ही बाजूंनी सारखं रुंदीकरण धरलं तर तुमच्या बाजूचे ३ मीटर गेले, ९ गुणिले ३ म्हणजे २७ चौरस मीटर, पाव प्लॉट! वर पुढचं सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा, नवीन रस्त्याच्या कडेपासून मोजतात, जुन्या नाही. राहिलेल्या जागेत मागचं-बाजूचं अंतर सोडून घर किती बसतं ते बघा. रस्त्यात गेलेल्या जागेचा मोबदला मिळतो, एफएसआयच्या, म्हणजे जादा बांधकाम क्षेत्राच्या, रूपातही मिळतो, पण तो एवढ्याशा प्लॉटवर वापरता येईल का हे आर्किटेक्टला आधीच विचारा. आणि विकणारा भाव पूर्ण १०८ चा लावतो हे लक्षात असू द्या.

नदी-ओढ्याजवळ असाल तर पूररेषा विचाराच. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि निळ्या रेषेच्या आतला प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी मी तरी घेणार नाही. गावात केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल, किल्ला, जुनं देऊळ, तर त्याच्यापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर वेगळी परवानगी लागते, ही गोष्ट गावातल्या लोकांनाही माहीत नसते.

एनए म्हणजे जमीन बिगरशेती करणं, त्याबद्दल एजंट लोक सगळ्यात जास्त गोल गोल बोलतात. "एनए होतंय, फाइल वर गेलीये" याला काही अर्थ नाही. झोन शेतीचा असेल तर नुसती फाइल फिरवून रहिवासी होत नाही, त्यासाठी आराखड्यातच बदल करावा लागतो आणि तो शासनाकडून मंजूर होऊन येतो. उलट डीपीत किंवा मंजूर प्रादेशिक योजनेत जमीन रहिवासी दाखवलेली असेल तर पूर्वीसारखी वेगळी एनए परवानगी लागत नाही, ठरलेली रक्कम भरायची. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींनाही ही सोय आहे.

आणि तो गुंठ्यांचा प्रकार. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकतात, दगड लावतात, मुरूम टाकून रस्ता करतात, आणि सांगतात की सातबाऱ्यावर सामाईकात नाव लावून देतो. सामाईकात नाव लागलं म्हणजे तुमचा तुकडा कुठला हे कागदावर कुठंच नाही, उद्या चतुःसीमेवरनं भांडण झालं की दहा-पंधरा सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा करत फिरा. अशा जुन्या गुंठेवारीसाठी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठे पाडून झालेल्या वस्त्यांसाठी, नियमितीकरणाचा २००१ चा कायदा आहे, त्यातली मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली, पण आरक्षणातलं किंवा पूररेषेतलं त्यातनं सुटेल असं धरून चालू नका. त्यापेक्षा मंजूर लेआउट, म्हणजे प्लॉट पाडल्याचा नकाशा, मागा, शिक्का आणि मंजुरी क्रमांकासकट. क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर त्या लेआउटचा महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा, नोंदणी नंबरही मागा. ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते, जागेवर जाऊन ती कुठंय ते बघा, कारण कधीकधी तीच जागा "कॉर्नर प्लॉट" म्हणून विकायला काढलेली असते.

घर बांधायची वेळ आली की मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर. तेव्हा एक बातमी फिरली की १५०० चौरस फुटांपर्यंत परवानगीच नको, आणि लोकांनी ती अर्धीच वाचली. नकाशा परवानाधारक माणसाकडूनच काढायचा, कागद आणि शुल्क भरायचं, ती पोच म्हणजे परवानगी, आणि झोन, सामासिक अंतर सगळं तसंच पाळायचं. मोठ्या प्लॉटला रीतसर अर्ज करा. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मानीव धरली जाते पण नकाशा नियमात बसत असेल तरच, म्हणून त्या भरवशावर पाया खोदायला घेऊ नका. जोत्यापर्यंत काम आलं की जोते प्रमाणपत्र, घर झालं की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी. "घरपट्टी भरतोय म्हणजे अधिकृतच की" असं म्हणणारे घरोघरी आहेत, पण घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, वर शास्ती, म्हणजे दंड, पण लावू शकतात.

आपली स्वतःची जुनी जागाच आरक्षणात निघाली तर? नवीन डीपीचा मसुदा जाहीर झाला की हरकतीला ३० दिवस मिळतात, त्या दिवसांत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला कागद घेऊन स्वतः जा, नगरसेवकाच्या तोंडी आश्वासनावर घरी बसू नका. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित केली नसेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची खरेदी नोटीस, म्हणजे जागा ताब्यात घ्या अशी मागणी, देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत नगरपंचायतीने किंवा नगरपरिषदेने काही हालचाल केली नाही तर आरक्षण रद्द झाल्याचं मानलं जातं. ही नोटीस मात्र वकिलाकडूनच लिहून घ्या, सोबत मालकीचे सगळे कागद जोडा, कारण बऱ्याच नोटिसा कागद अपुरे म्हणूनच परत येतात.