आनुवंशिक आजाराचे जनुक कसे शोधावे: सुरुवात वंशावळीपासून

आनुवंशिक आजाराचे जनुक शोधायचे, तर रक्ताचा नमुना काढण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन घरातल्या वडीलधाऱ्या बाईसमोर बसावे, असा माझा आग्रह आहे. कारण माणसाच्या सुमारे 20 हजार जनुकांपैकी नेमके कुठे पाहायचे, हे पुष्कळदा वंशावळच सांगते. कोल्हापूरकडे हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे लोक, घराण्यांच्या वंशावळी चोपड्यांत जपत आले आहेत. त्यांची मदत जरूर घ्यावी, परंतु ती नोंद मुख्यतः बापाकडची असते. आईकडून आलेला आजार तिच्यात सापडत नाही.

पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढावे, आजारी व्यक्तीचे चिन्ह काळे भरावे आणि नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी रेघ ओढावी. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत असल्यामुळे ही रेघ विसरून चालत नाही. मात्र विचारताना दोष दिल्याचा सूर मुळीच नसावा. एखादी आजी 'पोरगं पायानं अधू होतं, लहानपणीच गेलं' म्हणाली, तर तेवढ्यावर थांबू नये. त्याच्या पोटऱ्या जाड दिसायच्या का, जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात टेकायचा का, त्याच्या मामांपैकी कोणाला तसेच होते का, हे विचारावे. तिन्हींना होकार आला, तर संशय एक्स गुणसूत्रावरच्या डिस्ट्रोफिन जनुकावर, म्हणजेच ड्युशेन स्नायुविकारावर जातो. अशा सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत या जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, म्हणून आधी तो तपासावा.

आईवडील निरोगी पण एकमेकांचे नातलग आणि आजार मुलगे-मुली दोघांतही असेल, तर मुलांना एकाच जनुकाची बिघडलेली प्रत दोन्हीकडून मिळालेली असण्याची शक्यता मोठी असते. आतेभाऊ-मामेबहिणीच्या अपत्यात एकूण जनुकसंचाच्या सरासरी सोळाव्या हिश्शात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. शोध त्या पट्ट्यांतच सुरू करावा.

त्यानंतर एक्सोम तपासणी करावी. एक्सोम म्हणजे प्रथिने घडवणारा भाग. 300 कोटी अक्षरांच्या जनुकसंचात तो जेमतेम 1 ते 2 टक्के असतो, तरी त्यातही हजारो फरक निघतात. लोकांत सर्रास आढळणारे फरक वगळावेत, पण ताडून पाहताना भारतीयांची माहिती अवश्य घ्यावी, कारण परदेशी यादीत दुर्मीळ ठरलेला बदल इथे अनेक निरोगी माणसांत असू शकतो.

उरलेला संशयित बदल पुन्हा कुटुंबातच पडताळावा: आजारी भावंडांत दोन्ही प्रती बिघडलेल्या आणि आईवडिलांत प्रत्येकी एकच, असे दिसायला हवे. आजाराचे वय उलटूनही धडधाकट असलेल्या बहिणीत दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, तर तो बदल बहुधा बाद करून यादीतील पुढच्या बदलाकडे वळावे.