फॅमिली डॉक्टरांच्या सीएमईला मान्यता कशी मिळवावी

गोव्यात वाळपईच्या पलीकडे किंवा सांग्याच्या आतल्या गावात एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर व्याख्यानं ऐकायला दिवसभर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गेला, की त्या दिवशी गावाला डॉक्टर नसतो. म्हणून सीएमईचा, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा अभ्यासवर्गच त्याच्या तालुक्यात नेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण वर्ग नुसता घेऊन भागत नाही. त्याला मेडिकल कौन्सिलची मान्यता नसेल तर ते तास डॉक्टरच्या खात्यावर चढत नाहीत. आमच्या संघटनेचे हे अर्ज काही वर्षं मी करत आलो आहे. कुठे अडतं ते अनुभवाने कळलं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी नियम. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यायचं आहे, तेही नावाजलेल्या व्यावसायिक-शैक्षणिक संस्थांनी किंवा अधिकृत संस्थांनी भरवलेल्या कार्यक्रमांत. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, त्यामुळे अजून २००२ चेच धरून चालायचं. ३० तासांचा बाऊ वाटतो खरा. वर्षाला सहा तास म्हटलं की तीन-तीन तासांच्या दोन रविवारी सकाळी काम होतं.

पहिली पायरी : अर्ज कोणाच्या नावाने?

एकट्या डॉक्टरच्या नावाने अर्ज करण्याच्या भरीस पडू नका. आयएमएची (इंडियन मेडिकल असोसिएशनची) स्थानिक शाखा, एखादी तज्ज्ञांची संघटना किंवा गोवा वैद्यकीय महाविद्यालयातला संबंधित विभाग यांपैकी कोणाला तरी आयोजक म्हणून बरोबर घ्या. अर्ज जातो गोवा मेडिकल कौन्सिलकडे. हे कौन्सिल १९९१ च्या कायद्याने स्थापन झालेलं असून अॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी त्याच्याकडे असते. आपल्या गावांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टरही फॅमिली डॉक्टरच असतात. त्यांना वर्गाला अवश्य बोलवा, पण त्यांची नोंदणी वेगळ्या मंडळांकडे असते, हे निमंत्रणातच स्पष्ट करा. नाहीतर प्रमाणपत्र हातात पडल्यावर माणूस दुखावतो.

दुसरी पायरी : विषय दवाखान्याच्या बाकावरून उचला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तालुक्यातल्या आठ-दहा डॉक्टरांना फोन करून एकच प्रश्न विचारा : गेल्या वर्षभरात कुठल्या रुग्णाच्या वेळी काय करावं ते सुचेना? उत्तरं लिहून काढा. हाच कागद पुढे अर्जाला जोडता येतो, आणि हा विषय याच डॉक्टरांना का हवा, हे सांगायला त्याहून चांगला पुरावा नाही.

‘डेंग्यूवर व्याख्यान’ एवढं लिहून पाठवलेला अर्ज पोकळ दिसतो. त्याऐवजी लिहा : ‘ताप उतरल्यावर सुरू होणारा धोक्याचा काळ ओळखता येणे, पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काही दिसताच रुग्णाला वेळेत पुढे पाठवता येणे.’ डॉक्टर वर्गातून बाहेर पडताना काय करू शकेल, हे त्यात आलं पाहिजे.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागासाठी सर्पदंशाचं उदाहरण घ्या. आपल्याकडचं विषविरोधी इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं आहे. घाटाच्या पायथ्याला आढळणारा, नाकाचं टोक वर उचललेला चापडा चावला तर ते उपयोगी पडत नाही. हे ठाऊक नसलेला डॉक्टर इंजेक्शनावर इंजेक्शन देत बसेल. रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का पाहायचं, ही चाचणी गावातल्या दवाखान्यातही होते. ती प्रत्येकाकडून हाताने करून घ्या. अर्जात ‘व्याख्यान २० मिनिटे, प्रात्यक्षिक ४० मिनिटे’ असं लिहिलं की वर्ग खरंच शिकवण्यासाठी आहे, हे वाचणाऱ्याला कळतं.

विषयाला ऋतूही असतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) आणि डेंग्यूचा वर्ग मे महिन्यात, शेतात चिखल होण्याआधी घ्या. सत्तरीत २०१५ पासून माहीत झालेला माकडताप कोरड्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मे या काळात डोकं वर काढतो. त्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबर बरा. चतुर्थी, नाताळचा आठवडा आणि गावची जत्रा टाळा. त्या दिवशी कोणी येणार नाही, आणि येऊ नये.

तिसरी पायरी : वेळापत्रक आणि वक्ते

वेळापत्रक मिनिटांसकट द्या. उद्घाटन, सत्कार, चहा यांच्या ओळी वेगळ्या ठेवा आणि शिकवण्याच्या तासांत त्या धरू नका. प्रश्नोत्तरांना मात्र भरपूर वेळ धरा. प्रत्येक वक्त्याची पात्रता, नोंदणी क्रमांक, सध्याचं काम आणि लेखी होकार घ्या. फॅमिली डॉक्टरांच्या वर्गात निदान एक वक्ता स्वतः फॅमिली डॉक्टर असावा, हा माझा आग्रह आहे. मोठ्या रुग्णालयातला तज्ज्ञ ‘मग आपण एमआरआय करतो’ म्हणतो, तेव्हा काणकोणच्या डॉक्टरला त्याच्या आधीच्या चार तासांत काय करायचं ते हवं असतं.

चौथी पायरी : पैसा

शक्य असेल तर शंभर-दोनशे रुपये वर्गणी काढून पंचायतीच्या किंवा शाळेच्या सभागृहात वर्ग घ्या. औषध कंपनीचा पैसा येणार असेल तर अर्जात तो उघड लिहा. आचारसंहितेचं कलम ६.८ डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार घ्यायला मनाई करतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषध विभागाने कंपन्यांसाठी काढलेली संहिताही अशा कार्यक्रमांचा खर्च उघड करायला सांगते. विषय आणि वक्ते ठरवण्यात कंपनीला हात घालू देऊ नका, आणि पडद्यावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव दाखवा. यात तडजोड केली तर समोर बसलेल्या डॉक्टरचा विश्वास जातो, तो परत मिळत नाही.

पाचवी पायरी : अर्ज

चालू नमुना, शुल्क आणि मुदत थेट कौन्सिलच्या कार्यालयातून घ्या. गेल्या वर्षीच्या फाइलवरून उतरवू नका. आम्ही वर्गाच्या दोन महिने आधी कागद देतो, म्हणजे त्रुटी निघाली तर दुरुस्तीला वेळ राहतो. आयोजक संस्थेचं पत्र, वर्गाचा उद्देश, वेळापत्रक, वक्त्यांची माहिती आणि होकार, खर्चाचा स्रोत, अपेक्षित संख्या एवढं एका फाइलीत लावा आणि पोच घ्या. मान्यतेचं पत्र हातात येईपर्यंत निमंत्रणावर क्रेडिटचा, म्हणजे डॉक्टरच्या खात्यावर चढणाऱ्या तासांचा आकडा छापू नका. तो आकडा कौन्सिल ठरवतं.

मान्यता मिळाल्यावर काही बदललं तर लगेच लेखी कळवा. एका वर्षी आमचा वक्ता आदल्या रात्री आजारी पडला. आम्ही दुसरा उभा केला आणि घाईत कळवायचं राहून गेलं. चूक आमची होती. त्या सत्राचे तास कोणालाच मिळाले नाहीत. पेडण्याहून दवाखाना बंद करून आलेल्या एका वयस्क डॉक्टरांना मला ते स्वतः सांगावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक विषयाला पर्यायी वक्त्याचं नाव आम्ही अर्जातच देतो.

सहावी पायरी : वर्गाच्या दिवशी आणि नंतर

हजेरीपटावर नाव, नोंदणी क्रमांक, येतानाची सही आणि जातानाची सही असे चार रकाने ठेवा. अर्ध्यातून उठून गेलेल्याला पूर्ण तास देऊ नका, मग तो मित्र का असेना. कौन्सिलचा निरीक्षक आला तर त्याला हजेरीपट आणि वेळापत्रक मागावं लागू नये. शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या : आज काय कळलं, काय कळलं नाही. न कळलेल्या गोष्टींच्या चिठ्ठ्यांतून पुढच्या वर्गाचा विषय निघतो.

हजेरी आणि अहवाल आठवड्याच्या आत पाठवा. प्रमाणपत्रावर मान्यतेचा क्रमांक, तारीख, तास आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मान्यतापत्राशी जुळवून लिहा. एक आकडा चुकला तर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरला खेटे घालावे लागतात. प्रमाणपत्रांच्या प्रती संघटनेने निदान पाच वर्षं जपून ठेवाव्यात, कारण पावसात कागद भिजले म्हणून दुसरी प्रत मागायला कोणीतरी येतोच.