जुन्या गाडीचा पिकअप: आधी कॉम्प्रेशन मोजा

कसारा घाटात जुनी झेन किंवा सॅन्ट्रो धापा टाकते, म्हणून लगेच मोठा सायलेन्सर आणि महागडा फिल्टर घेऊ नका.

१. इंजिन गरम असताना चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजून घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी भरला, तर तिथे दाब गळतोय; पैसे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगांवरच घाला. वरून काहीही बसवलं तरी फुकट.

२. आकडे सारखे आले, तर नवे प्लग, साधा एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) सफाई. बहुतेकांचं समाधान इथेच होतं. नाशिकच्या धुळीत फिल्टर लवकर चोंदतो.

३. चढावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच बघा. तिथे इंजिनाचा दोषच नसतो.

जपून: इंजिनच बदलायचं असेल, तर आधी आरटीओची परवानगी.